सापडण्याचं काम

सातारा जिल्ह्यातल्या एका रोपवाटिकेची वेबसाइट लॅपटॉपवर उघडी होती आणि मालकीणबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. उसाची रोपं तयार करण्यात त्यांची हयात गेलेली. ट्रेमधलं रोप उपटून मुळांकडे नुसतं बघितलं तरी ते किती दिवसांचं आहे हे सांगतात. साइट करून तीन वर्षं झाली होती आणि तिच्यावरून एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. "आमचं नाव टाकलं की गूगलवर येतं हो," त्या म्हणाल्या, "पण आमचं नाव ज्याला ठाऊक आहे, तो सरळ नर्सरीतच येतो ना!"

आमच्या सगळ्या व्यवसायाचं कारण या एका वाक्यात आहे. ज्याला तुमचं नाव माहीत नाही, पण तुमच्याकडे आहे तेच हवं आहे, अशा माणसापर्यंत पोचायचं कसं?

साइट तपासायला तासभर लागला. दरपत्रक होतं, पण ते छापील कागदाचा फोटो काढून चिकटवलेलं. माणसाला वाचता येईल, पण शोधयंत्राच्या दृष्टीनं ते निव्वळ चित्र. माहितीचं पान मराठीत होतं, पण गावातल्या डीटीपीवाल्यानं ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'ऊस' दिसतो, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. यंत्र वाचतं ते आतलं, म्हणजे त्याच्या लेखी तिथे अर्थहीन अक्षरांचा ढीग होता. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. साइटवर जातीचं नाव लिहिलं होतं 'नीरा'. ते बरोबरच आहे, को ८६०३२ या जातीचं ते नाव. पण बांधावरचा शेतकरी नीरा म्हणत नाही. तो आकडा म्हणतो, आणि मोबाइलवर टाइपही आकडाच करतो. तसंच दुसऱ्या जातीला तो '२६५' म्हणतो. गिऱ्हाइकाच्या तोंडातला शब्द साइटवर कुठेच नव्हता.

आम्ही मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. प्रत्येक जातीला स्वतंत्र पान दिलं. त्यावर आकडा, नाव, रोपाचं वय, ट्रेमधली संख्या, पोच करण्याचे तालुके आणि दर लिहिले. अंक देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्ही ठेवले. पुढच्या आडसालीच्या लागणीला कराड, वाळवा, शिरोळकडून फोन यायला लागले. यात जादू कसलीच नव्हती. होतं ते नीट सांगितलं, इतकंच.

एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) म्हणजे मुळात हे काम. पंधरा वर्षं मी ते करतो आहे आणि त्यातलं चांगलं-वाईट दोन्ही माझ्या हातून झालं आहे. डिजिटल मार्केटिंगमध्ये करिअर करू पाहणारी मुलं मला विचारतात, हा व्यवसाय खरा की खोटा? एआय आल्यावर तो टिकेल का? उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. या व्यवसायात सुरुवातीपासून दोन कामं एकाच नावाखाली चालत आली आहेत. एक, खरं उत्तर सापडेल असं करणं. दुसरं, जिथे आपली जागा नाही तिथे घुसणं. पगार दोन्हीचा मिळतो, आणि नवख्याला त्यातला फरक कुणी सांगत नाही.

वेबच्या पहिल्या वर्षांत शोधणं म्हणजे यादी चाळणं होतं. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी सुरू केलेलं याहू ही माणसांनी लावलेली सूची होती. १९९५ च्या अखेरीस अल्टाव्हिस्टा आलं. ते पानांमधला मजकूर वाचून उत्तरं काढायचं, आणि तिथेच पहिली पळवाट निघाली. पानावर एखादा शब्द जितक्या वेळा, तितकं पान वर. मग पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहिणं सुरू झालं. स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी याला दिलेलं उत्तर आपल्याकडच्या स्थळ बघण्यासारखं होतं. मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो याला फार किंमत द्यायची नाही. चार माणसं त्याच्याबद्दल काय म्हणतात आणि ती चार माणसं स्वतः किती भरवशाची, ते बघायचं. एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे असा शब्द टाकणं. पेजरँक म्हणतात ते हेच. याच कल्पनेवर १९९८ मध्ये त्यांची गूगल कंपनी झाली.

त्याच वर्षीच्या त्यांच्या शोधनिबंधाच्या परिशिष्टातला एक मुद्दा मी प्रत्येक नव्या मुलाला वाचायला लावतो. जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र मुळातच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल, असं त्या दोघांनी तिथे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलनं ॲडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली, तेव्हा जाहिरातदार होते सुमारे साडेतीनशे. आज त्या कंपनीचा बहुतांश महसूल जाहिरातींतून येतो. आमच्या व्यवसायाच्या दोन फांद्याही तिथूनच फुटल्या. दर क्लिकमागे पैसे मोजून जागा विकत घेणारे ते पीपीसीवाले आणि जागा कमावणारे ते एसईओवाले.

कमावणाऱ्यांनी काय केलं, ते मात्र खुलेपणानं सांगायला हवं. लिंकला किंमत आली म्हटल्यावर लिंक विकली जाऊ लागली. २०१० मध्ये मी पुण्यातल्या एका एजन्सीत लागलो. क्लाएंट बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतले. माझं काम होतं रोज एक लेख लिहायचा आणि एका सॉफ्टवेअरमध्ये टाकून त्याच्या तीस आवृत्त्या काढायच्या. सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द लावायचं. तीस तिरपागडे लेख तीस ठिकाणी चढवायचे आणि प्रत्येकात क्लाएंटच्या साइटची लिंक घालायची. एकदा विषय होता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरची काळजी. सॉफ्टवेअरनं 'सांधा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या जागी खानावळ या अर्थाचा शब्द घातला आणि मी तो तसाच चढवला. संख्या पूर्ण करायची होती. कुणा आजारी माणसानं ते वाचलं असेल का, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला नाही. पुढे माझ्याच वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, रात्री मी माहिती शोधत बसलो आणि पानामागून पान तसलंच निघत गेलं, तेव्हा आला.

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलनं पांडा नावाचा बदल आणला आणि उथळ मजकुराच्या गिरण्या झोपल्या. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आला, त्यानं विकतच्या लिंकवाल्यांना धरलं. त्यानंतरचे महिने मला लख्ख आठवतात. आधी पैसे मोजून घेतलेल्या लिंक आता काढून टाका म्हणून आम्ही त्याच लोकांना विनवण्या करत होतो, आणि काही जण काढायचेही पैसे मागत होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, नको असलेल्या लिंक नाकारायची सोय गूगलनं दिली. आमच्या ऑफिसातल्या दोघीतिघी कित्येक आठवडे फक्त नकाराच्या याद्या बनवत होत्या.

त्यानंतरचे टप्पे भराभर सांगता येतील. २०१३ च्या हमिंगबर्डपासून सुट्या शब्दांऐवजी पूर्ण प्रश्नाचा अर्थ लावण्याकडे कल गेला. एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवर नीट न दिसणारी पानं मोबाइलच्या शोधात मागे पडू लागली. २०१९ मध्ये बर्ट आलं आणि वाक्यातली छोटी छोटी अव्ययंसुद्धा यंत्राला कळू लागली. डिसेंबर २०२२ मध्ये निकालांची गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत 'अनुभव' हा निकष वाढला. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली आहे का, असा त्याचा अर्थ. कागदावर ही दिशा योग्यच आहे. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२३ च्या अपडेटनंतर जगभरातल्या अनेक लहान, स्वतंत्र साइटची वाचकसंख्या कोसळली. त्यात स्वतः वापरून, मोजून, फोटो काढून लिहिणारी माणसंही होती. त्यांना का वगळलं याचं कारण कुणी दिलं नाही, दाद मागायची जागाही नव्हती. यंत्राची बाजू मी समजू शकतो, पण अशा माणसाला उत्तर मिळू नये हे मला अजूनही पटत नाही.

आता ऑफिसातल्या कामाविषयी. बाहेरून हा ग्लॅमरचा व्यवसाय वाटतो. आतला दिवस असा असतो: सकाळी सर्च कन्सोल हे गूगलचं टूल उघडायचं, काल लोकांनी काय टाइप केलं, आपलं पान कितव्या नंबरवर दिसलं, किती जणांनी क्लिक केलं ते बघायचं. कुठलं पान इंडेक्समधून गळलं, कुठे लिंक तुटली, कुठल्या पानावरचं मोठं चित्र उघडायला अडीच सेकंदांहून जास्त वेळ घेतं, हे शोधायचं आणि डेव्हलपरच्या मागे लागून दुरुस्त करून घ्यायचं. मग लेखकासाठी टिपण: गिऱ्हाइकाचे खरे प्रश्न कोणते, त्यातला कुठला आधी सोडवायचा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट. क्लाएंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आपण एक नंबरला कधी येणार?" पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलनंच आपल्या सूचनांमध्ये लिहून ठेवलं आहे. तरी सेल्सचा माणूस ती हमी देऊन आलेला असतो, आणि ती निभवायची बावीस वर्षांच्या मुलीनं.

या मुलामुलींबद्दल मला फार वाटतं. बीए, बीकॉम, बीएस्सी, काही इंजिनिअरही. लातूर, जळगाव, सिंधुदुर्गातून पुण्यात आलेली, तीन महिन्यांचा क्लास केलेली. क्लासच्या पाटीवर शंभर टक्के नोकरीची हमी असते. क्लासात त्यांना टूल शिकवतात, कुठलं बटण दाबलं की कीवर्डची यादी येते ते. माणूस प्रश्न कसा विचारतो, हे शिकवत नाहीत. दोन वाक्यं नीट लिहायला शिकवत नाहीत. पहिली नोकरी कमी पगाराची, टार्गेट लेखांच्या किंवा लिंकच्या संख्येवर. परदेशी क्लाएंट असेल तर पाळी रात्रीची. दोन वर्षांत ती थकतात आणि हा व्यवसायच फसवा आहे म्हणून बाहेर पडतात. त्यांना काम संख्येचं दिलं होतं, हे मी त्यांना सांगतो. ज्या मुलीनं माझ्याकडे सर्वांत चांगलं काम केलं, तिनं आधी दोन वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर काढली होती. माणसं अर्धवट नाव सांगून नेमकं काय मागतात, ते तिला कळायचं. कीवर्ड संशोधन यालाच म्हणतात.

मराठीपाशी मी मुद्दाम जरा रेंगाळणार आहे, कारण इथे करण्यासारखं काम सर्वांत जास्त आणि करणारे सर्वांत कमी आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. पण शोधण्याची सगळी हत्यारं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घडलेली. इंग्रजी शब्द फारसा बदलत नाही. आपला शब्द प्रत्यय लागताच अंग बदलतो. 'ऊस' लिहिलं तर दीर्घ ऊ, 'उसाची रोपं' म्हटलं की पहिलं अक्षरच ऱ्हस्व. 'पुणे' आणि 'पुण्यात' यांत यंत्राला दिसणारी समान अक्षरं किती? शोधयंत्रं यात पुष्कळ सुधारली आहेत, पण एसईओची बरीच टूल अजून 'पुण्यात', 'पुण्याला', 'पुण्यातले' हे वेगवेगळे शब्द धरून मोजतात आणि प्रत्येकासमोर नगण्य आकडा दाखवतात. मग क्लाएंट म्हणतो, मराठीत कुणी शोधतच नाही.

त्याहून बारीक गोष्ट लिपीची. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं. डोळ्याला दोन्ही तेच, साठवणुकीत ते दोन वेगळे शब्द. 'ॲप'चंही तसंच. काही कीबोर्ड 'ॲ' हे एक अक्षर देतात, काही 'अ'वर चंद्र ठेवतात. एका मोठ्या मराठी साइटच्या स्वतःच्या शोधपेटीत मी एकदा 'शेतकऱ्यांसाठी' टाइप केलं आणि एकही निकाल आला नाही. त्यांच्याकडे त्या शब्दाचे शेकडो लेख होते, पण सगळे दुसऱ्या पद्धतीनं टाइप केलेले. शेतकऱ्यासाठी लिहिलेलं शेतकरी या शब्दावरच अडत होतं. मजकूर चढवताना एकच रूप ठरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पानाच्या पत्त्यात मराठी वापरावं की रोमन, हा आम्हा लोकांतला जुना वाद. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की अनेकदा प्रत्येक बाइटचं टक्केचिन्हासकट तीन अक्षरांत रूपांतर होतं. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. 'पुणे' लिहिलंत तर छत्तीस. असला लांबलचक पत्ता बघून लोकांना तो व्हायरस वाटतो. मी रोमन छोटा पत्ता आणि मराठी शीर्षक यांच्या बाजूचा आहे. उलट मताची माणसंही आहेत आणि लिपीविषयीची त्यांची तळमळ मला कळते. शिवाय कितीतरी माणसं मराठी प्रश्न रोमन अक्षरांत टाइप करतात, प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. बोलून शोधणं वाढल्यापासून मात्र देवनागरीतले पूर्ण, बोली प्रश्न सर्च कन्सोलमध्ये दिसू लागले आहेत. 'उसाला पांढरी माशी लागली काय करू' असा प्रश्न वाचला की मला लेखाचं शीर्षक शोधावं लागत नाही.

पैशाचं गणितही मराठीच्या विरोधात होतं. गूगलची ॲडसेन्स ही जाहिरातव्यवस्था हिंदीला २०१४ च्या अखेरीस खुली झाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. तोवर मराठीत मन लावून लिहिणाऱ्याला त्या वाटेनं कमाई नव्हती, म्हणून मराठीत माहिती कमी, म्हणून शोधणारा इंग्रजीकडे. मराठी विकिपीडिया २००३ पासून उभा आहे तो पदरमोड करून वेळ देणाऱ्यांच्या जिवावर.

घुसण्याच्या कामाचं सर्वांत दुष्ट रूप म्हणजे कस्टमर केअरचे बनावट नंबर. घाबरलेला माणूस गूगलवर बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा नंबर शोधतो. भामट्यांनी तोच शब्द धरून पान बनवलेलं असतं, किंवा नकाशावरच्या नोंदीत आपला नंबर घुसवलेला असतो. फोन लागतो, गोड आवाज येतो, एखादं ॲप टाकायला सांगतात आणि खातं रिकामं होतं. असं झालं तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. ही माणसं आमचीच तंत्रं वापरतात, त्यामुळे याकडे दुरून बघण्याचा हक्क आम्हाला नाही. खोट्या रिव्ह्यूंचंही तेच. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे, आणि रिव्ह्यू विकणाऱ्यांचे मेसेज माझ्या फोनवर आजही येतात.

गूगलच्या हातातल्या सत्तेचा प्रश्न न्यायालयांपुढे गेलाच आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपातासाठी गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. तक्रार २०१२ ची, लग्न जुळवणारी एक भारतीय कंपनी आणि एक ग्राहकसंस्था यांनी केलेली. अमेरिकेत ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलनं शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलनं एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले होते, हे त्या खटल्यात बाहेर आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं गूगलला आपला क्रोम ब्राउझर विकायला लावण्याची मागणी नाकारली. आमच्या रोजच्या कामात या निकालांनी अजून तरी फरक पडलेला नाही.

फरक पडला आहे तो एआयनं. या सगळ्या इमारतीखाली एक न लिहिलेला करार होता. तुम्ही माझं पान फुकट वाचा आणि त्याच्या बदल्यात माणसं माझ्याकडे पाठवा. आता पानं वाचून उत्तर शोधपानावरच तयार मिळतं. गूगलनं ही सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात आणली. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं मार्च २०२५ मधलं तिथल्या ९०० प्रौढांचं ब्राउझिंग तपासलं. एआयचा सारांश नसलेल्या शोधांत १५ टक्के वेळा लोकांनी एखाद्या निकालावर क्लिक केलं, सारांश असताना ८ टक्के. सारांशातच दिलेल्या स्रोताच्या लिंकवर क्लिक झालं ते फक्त १ टक्का वेळा. करारातली माझी बाजू पाळली गेली, समोरची नाही.

यावर आमच्या व्यवसायानं लगेच नवी आद्याक्षरं काढली, नवे क्लास काढले, एआयच्या उत्तरात तुमचं नाव आणून देण्याच्या हम्याही सुरू झाल्या. त्यांतल्या बहुतेक मला २०१० च्या तीस लेखांसारख्याच वाटतात. चांगलं लिहिणाऱ्याला मोबदला कसा मिळणार, हा खरा प्रश्न मोकळाच आहे. आणि मराठीपुरती मला खरी भीती वाटते. इंग्रजीत उद्या नवं लिहिणं थांबलं तरी यंत्राला खायला कोठारं भरलेली आहेत. मराठीचं कोठार भरलंच कुठे होतं? उसाच्या पांढऱ्या माशीवर कोल्हापूरच्या शेतकऱ्यानं स्वतः काय केलं, हे कुणी लिहिलंच नसेल तर यंत्र दुसऱ्या मुलखातलं उत्तर मराठी वेष चढवून देईल, आणि ते इतक्या सफाईदार भाषेत असेल की शंकाही येणार नाही.

मागच्या महिन्यात रोपवाटिकेच्या मालकीणबाईंचा फोन आला. साइट दिसते पूर्वीइतकीच, पण क्लिक कमी झालेत, हे त्यांच्या मुलानं त्यांना दाखवलं होतं. आम्ही दोघं साइटवर माणसं आणणाऱ्या प्रश्नांची यादी घेऊन बसलो. 'ऊस लागवड कशी करावी' यावरची माणसं गेली होती, ते उत्तर आता वरच मिळतं. '८६०३२ रोपं कधी मिळतील' यावरची मात्र सगळी शिल्लक होती. कारण ते उत्तर फक्त बाईंच्या वहीत असतं. मग ठरलं, ती वहीच साइटवर आणायची. दर सोमवारी कुठल्या जातीची किती रोपं तयार आहेत, ती किती दिवसांची आहेत, कुठल्या वाफ्यात यंदा मर झाली आणि का. मर झालेलं कशाला सांगायचं, असं मुलगा म्हणाला. बाई म्हणाल्या, "लिही. विचारणारा तेच विचारतो."

पहिल्या सोमवारचा मजकूर त्यांनी फोनवर बोलून पाठवला. त्यात 'शेतकऱ्यांना' हा शब्द चार वेळा होता. चारही ठिकाणचा 'ऱ' मी तपासून एकसारखा केला आणि पान चढवलं.